मुलं फोटोपुरती येतात, त्यांना परत कसं आणायचं?

नाशिकमधल्या एका महाविद्यालयात नुकत्याच राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकारी झालेल्या प्राध्यापिकेचा प्रश्न असा: "माझ्या युनिटमध्ये शंभर मुलं आहेत. स्वच्छता मोहिमेला झाडू घेऊन उभी राहतात, फोटो काढतात, प्रमाणपत्र कधी मिळेल विचारतात आणि जातात. परवा एकाने सरळच विचारलं, 'मॅडम, याने होतं काय?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलांमध्ये सामाजिक भान खरंच तयार करता येतं का, की ते घरातूनच यावं लागतं? आणि प्राचार्यांना तर दर कार्यक्रमाचे फोटो हवेच असतात."

मॅडम, ज्या मुलाने 'याने होतं काय' असं विचारलं त्याला धरून ठेवा. बाकीच्या नव्व्याण्णवांच्या मनातही तेच आहे, प्रमाणपत्र अडेल म्हणून ती बोलत नाहीत. आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. रविवारी सकाळी शंभर जणांनी झाडलेला रस्ता सोमवारी संध्याकाळी होता तसा होतो, हे त्याला दिसतंय.

मी हे काम बावीस वर्षं केलं. त्यातली पहिली सहा-सात वर्षं चुकीचं केलं, तेही मोठ्या उत्साहाने. एक रविवार पांडवलेणीच्या पायऱ्या, पुढचा गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), मग रक्तदान, मग एड्स दिनाची फेरी, मग पथनाट्य. अहवाल जाडजूड व्हायचा. पण वर्षाच्या शेवटी यातलं काय आठवतंय असं मुलांना विचारलं की वडापाव आठवायचा. (वडापाव चांगला असायचा, हे खरं.)

चूक तासांच्या हिशेबात होती. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार मुलांना घेऊन ही योजना सुरू झाली. शिकणाऱ्या पोराचा आजूबाजूच्या माणसांशी संबंध यावा, एवढा साधा हेतू. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक शिबिर, हे त्याचं माप. आता हे २४० तास साठ ठिकाणी चार-चार करून वाटले, तर मुलगा साठ ठिकाणी पाहुणा म्हणून जाऊन येतो. तेच एका ठिकाणी घातले, तर पाचव्या-सहाव्या खेपेला तिथली माणसं त्याला नावाने हाक मारायला लागतात. एकदा नावाने हाक आली की पुढच्या रविवारी न जाणं त्याला जड जातं. माझं उत्तर एवढंच आहे: एक जागा धरा आणि तिथे परत परत जा. पुढचं सगळं मी हे कसं शिकलो त्याबद्दल.

नासर्डीच्या काठची दीडशे पावलांची एक पट्टी आम्ही धरली होती. कागदोपत्री नदीचं नाव नंदिनी आहे, पण काठावर राहणारं कोणी तिला नंदिनी म्हणत नाही. तीन रविवार तेच केलं. प्लॅस्टिक, निर्माल्य, फाटक्या गाद्या गोण्यांत भरायच्या आणि घंटागाडीला द्यायच्या. चौथ्या रविवारी गोण्या तेवढ्याच भरल्या. एक बी.कॉम.ची मुलगी गोणीच्या तोंडाला सुतळी बांधता बांधता म्हणाली, "सर, आपण नदीचे सफाई कामगार झालो का? मग पगार तरी द्या." सगळे हसले. ती हसली नाही. "हे येतं कुठून ते एकदा बघू ना," म्हणाली. झाडू तिथेच ठेवून आम्ही वरच्या अंगाला चालत निघालो. पाच-सातशे पावलांवर एका अपार्टमेंटच्या मागे ड्रेनेजचं चेंबर तुंबून वाहत होतं. काळं पाणी पावसाळी गटारात, तिथून थेट नदीत. वास असा की एकाने नाश्ता तिथेच काढला. झाडूने न सुटणारा प्रश्न असतो आणि त्याला घर नंबरासकट पत्ता असतो, हे मुलांनी त्या दिवशी पाहिलं.

मग महापालिकेला अर्ज. पहिला मसुदा शाळेतल्या निबंधासारखा, 'नदी ही आपली माता आहे' पासून सुरुवात. मी एवढंच विचारलं, हा वाचून साहेबांना माणूस पाठवायचा झाला तर तो कुठे पाठवतील? दुसऱ्या मसुद्यात गल्ली आली, अपार्टमेंटची खूण आली, चेंबर किती दिवस वाहतंय ते आलं, शेजारच्या अकरा घरांच्या सह्या आल्या. अकरातल्या चार सह्यांसाठी दोन-दोन चकरा झाल्या, कारण "आमचं नाव नको बुवा त्यात". तिघं अर्ज घेऊन गेली आणि तासाभरात खूश होऊन परत आली: "साहेबांनी ठेवून घेतला." पोच? "पोच म्हणजे काय, सर?" परत पाठवलं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन आली. तो कागद मग वर्गभर फिरला. बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत यातल्या कुणीही कुठल्या कार्यालयात आपणहून अर्ज दिला नव्हता. दाखले काढले होते, पण तेही वडिलांनी किंवा एजंटने.

तीन आठवडे काही झालं नाही. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला: अमुक तारखेच्या आमच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. २००५ च्या या कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमचं उत्तर यायच्या आधी माणसं आली आणि चेंबर उपसून गेली. मुलांनी पेढे वाटले. पावसाळ्यात ते पुन्हा तुंबलं. हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या अहवालांत सगळ्या गोष्टी पेढ्यांपाशी संपतात आणि मुलांना ते खोटं कळतं. दुसऱ्यांदा तुंबलं तेव्हा त्यांनी अर्ज मला न विचारता दिला. मला पत्ता लागला तो पोच पाहूनच.

प्रत्येक वेळी परतताना पंधरा मिनिटं बसायचं, हा नियम मात्र पाळा. घाटाची पायरी चालेल, चहाची टपरी चालेल. भाषण करायचं नाही. आज काय दिसलं? कशाचा राग आला? कोणाशी बोललात, त्यांचं नाव काय? हा तिसरा प्रश्न मी सुरुवातीला विचारत नसे. तो का विचारू लागलो ते सांगतो, जरा अवघड गोष्ट आहे.

एका वस्तीत आम्ही सर्वेक्षणाला गेलो होतो. एक मुलगा सगळ्यांच्या मागे, तोंडाला रुमाल बांधून. मला वाटलं, वासाचा त्रास होत असेल. त्याला दोनदा हाक मारून पुढे बोलावलं, तो आला नाही. परतल्यावर दुसऱ्या मुलाकडून कळलं की त्याचं घर त्याच वस्तीत होतं. कॉलेजात तो इंदिरानगरसारख्या बऱ्या भागात राहतो असं सांगायचा. आम्ही गेलो तेव्हा त्याची आई नळावर होती. त्याने ओळख दिली नाही. तिनेही दिली नाही. त्याचं मी समजू शकत होतो, तिचं आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

'गोरगरिबांची सेवा' हे शब्द त्या दिवसापासून मी बंद केले. ज्यांच्याकडे आपण 'सेवा' करायला जातो, त्यांची मुलं आपल्याच बाकांवर बसलेली असतात. पुढच्या आठवड्यात मी सगळ्यांना एक कागद करून आणायला सांगितला, नाव न घालता: तुमच्या घरी पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, कोण भरतं? गंगापूर धरण आपलं सगळ्यांचं. पण कॉलेज रोडच्या बऱ्याच मुलांना पाणी येण्याची वेळच माहीत नव्हती, कारण त्यांची टाकी भरते. एका कागदावर होतं: पहाटे साडेचार, चाळीस मिनिटं, आई आणि मी, म्हणून पहिल्या तासाला झोप येते. मी तो मोठ्याने वाचला. कुणी उभं राहून 'तो मी' असं म्हणालं नाही, तसं सिनेमात होतं. महिना-दीड महिन्याने तो रुमालवाला मुलगा स्टाफरूमच्या दाराशी आला. "सर, वस्तीत रविवारी सकाळी जाऊ नका. बायका धुणं घेऊन बसलेल्या असतात, पुरुष झोपलेले असतात. संध्याकाळी सहानंतर चला, मी बोलवतो लोकांना." तिथून पुढे त्या वस्तीतलं काम त्याने चालवलं, मी मागे बसायचो.

शिबिराचीही माझी एक फजिती ऐका. त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं एक गाव, डिसेंबर महिना, साठ मुलं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून आम्ही दोन दिवसांत ओढ्यावर वनराई बंधारा घातला. हाताला फोड आले, बातमी आली. गावातले एक आजोबा रोज येऊन बघून जायचे, बोलायचे नाहीत. शेवटच्या रात्री शेकोटीपाशी मी त्यांना विचारलं, बाबा, कसा झालाय? म्हणाले, "चांगलाय. पण पानी तितं थांबायचं न्हाई. खाली कातळाला चीर हाय. इचारलं असतं तं दावली असती." फेब्रुवारीत गेलो तेव्हा बंधारा कोरडा ठणठणीत.

पुढच्या वर्षी लाज वाटूनही त्याच गावात शिबिर घेतलं. पहिले दोन दिवस कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. फक्त घरोघरी बसायचं, विचारायचं, ऐकायचं. शिबिर डिसेंबरऐवजी २६ जानेवारी धरून घेतलं, कारण त्या दिवशी ग्रामसभा असते. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात आदिवासी भागांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जास्तीचे अधिकार आहेत, हे मुलांना परीक्षेपुरतं पाठ होतं. एका बाईने उभं राहून टँकरच्या खेपांचा हिशेब मागितला आणि ग्रामसेवकाला वही काढावी लागली, हे त्यांनी मागच्या रांगेत बसून पाहिलं. परत येताना एसटीत एकाने विचारलं, "सर, आपल्याकडे शहरात अशी सभा कुठे असते?"

चांगला प्रश्न, आणि आपली पंचाईत करणारा. नाशिक महापालिकेवर मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासक होते, निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. म्हणजे तुमच्या वर्गात आज बसलेली मुलं नववी-दहावीपासून ज्या शहरात वाढली, तिथे त्यांना नगरसेवक नावाचा प्राणी भेटलाच नाही. त्यांना 'नागरिकशास्त्र येत नाही' म्हणून बोल लावू नका. आता बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक आहेत. पहिला गृहपाठ तोच द्या: आपला प्रभाग कुठला, चौघं कोण, सहा विभागीय कार्यालयांपैकी आपलं कुठलं. मतदार नोंदणीचंही तसंच. २०२२ पासून नोंदणीसाठी वर्षात चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यालाही नमुना ६ आगाऊ भरता येतो. नोंदणीची फेरी काढण्यापेक्षा वर्गात बसून फॉर्म भरून घ्या.

मुलींचा वेगळा विचार करा. रविवारी सकाळी सहाला या असं म्हटलं की निम्म्या मुली गळतात, कारण घरून परवानगी नाही. मग आपण म्हणतो, मुलींना आवड नाही. आमच्या मुलींनी स्वतःहून एक काम काढलं. क्लास सुटल्यावर बसस्टॉपपासून घरापर्यंत चालताना रस्त्यावरचे बंद दिवे मोजायचे आणि खांबाचे नंबर लिहून घ्यायचे. वेगळा वेळ नको, परवानगी नको. तक्रारीत खांबाचा नंबर असला की टाळता येत नाही, हे त्यांनी मलाच शिकवलं. "हे तर त्यांच्याच सोयीचं, यात समाजसेवा कुठे?" असं एक सहकारी म्हणाले होते. मला त्यात काही वावगं दिसत नाही. स्वतःच्या रस्त्यावरचा अंधार जिला दिसला, तिला दुसऱ्या गल्लीतलाही दिसतो.

गणपती मंडळातल्या आणि ढोल पथकातल्या पोरांना नाकं मुरडू नका, हे कळकळीने सांगतो. वर्गणी गोळा करणं, परवानग्या काढणं, शे-दीडशे पोरांना वेळेवर एका तालात आणणं, भांडण मिटवणं, हे सगळं ती करतात. आपल्या युनिटच्या सचिवाला यातलं एकही येत नसतं. विसर्जनाला मूर्तिदानासाठी गोदाकाठी उभं राहून 'देव द्या, देवपण घ्या' ही हाक नाशिकच्या विद्यार्थ्यांनीच दिली. श्रद्धेच्या माणसाशी हुज्जत न घालता बोलायचं कसं, हे त्या घाटावर शिकता येतं. दुसऱ्या कुठल्या वर्गात शिकता येईल असं मला वाटत नाही. धोका आहे तो 'भाऊं'चा. वाढदिवसाच्या फलकावर फोटो, गाडीत पेट्रोल, मग निवडणुकीत फिरणं. त्याला उपाय उपदेश नाही. पोराच्या नावाने कुठेतरी एखादं खरं काम उभं राहिलं की फलकावरच्या फोटोची भूक कमी होते, पूर्ण जात नाही.

आंदोलनात जाऊ द्यावं का, हेही कुणी ना कुणी विचारेलच. २०२५ च्या अखेरीला कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध लोक उभे राहिले, त्यात तरुण बरेच होते. कुणी रील बघून आलं, कुणी मित्रासोबत. कसेही येऊ द्यात. फक्त आपल्याकडचं जे पोर जाईल, त्याला हरकत लिहायला शिकवून पाठवा. झाडांच्या बाबतीत १९७५ चा कायदा आहे, हरकती मागवाव्या लागतात, त्यांची सुनावणी होते. घोषणा हवेत जाते, हरकतीची नोंद होते. आणि झाड वाढवायचं काय असतं ते कळायला सातपूरच्या फाशीच्या डोंगरावरच्या देवराईत उन्हाळ्यात पाणी घालायला न्या. पावसाळ्यात रोप लावायला सगळेच येतात.

नाशिकचा म्हणून एक फेरफटका मी दर वर्षी न चुकता करायचो, २ मार्चच्या आसपास. काळाराम मंदिराच्या दारात मुलांना उभं करायचं. त्यांना तारीख माहीत असते: २ मार्च १९३०, स्पर्धा परीक्षेत येते. मग सांगायचं, दरवाजे बंद होते. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्याच्या वादातून दगडफेक झाली. सत्याग्रह काही दिवसांत संपला नाही, तो वर्षानुवर्षं चालला, १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली तेव्हाही दरवाजे उघडले नव्हते. इथली जमवाजमव ज्यांनी सांभाळली ते दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातले, जन्म १९०२, म्हणजे तेव्हा सत्ताविशीत. मुलं मनातल्या मनात आपलं वय मोजतात, ते चेहऱ्यावर दिसतं. मी पुढे काही बोलत नसे. एकदा एका मुलाने विचारलं, "पाच वर्षं रोज कोण येत होतं सर, आणि जेवण कोण देत होतं?" असा प्रश्न ज्याच्या डोक्यात येतो, त्याला काम म्हणजे काय ते कळलेलं असतं.

आता तुमचं 'घरातूनच यावं लागतं का'. दया घरातून येते. दारात आलेल्याला पाणी विचारणं, आजारी शेजाऱ्याला डबा देणं, हे आपल्या बहुतेक घरांत आहे. पण त्याच घरात 'भानगडीत पडू नको', 'आपल्याला काय करायचंय' हेही रोज ऐकू येतं, आणि सहीला आधी नकार देणारी ती चार घरं वाईट माणसांची नव्हती. घाबरलेली होती. हे भय एकट्याने जात नाही, चौघं मिळून एका खिडकीपाशी गेले की जातं. ते घर देऊ शकत नाही, युनिट देऊ शकतं. म्हणून एखाद्याच्या वडिलांचा 'त्याला तेवढं यातून काढा' असा फोन आला, तर वाद घालू नका. त्यांना एका रविवारी बोलवा. माझ्याकडे आलेले एक रिक्षावाले गृहस्थ नंतर तीन वर्षं आमचं सामान फुकट नेत होते.

राहिले प्राचार्यांचे फोटो. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात दुसरी पायरी 'सजावट' अशी आहे. पाहुण्यांच्या मागे टोप्या घालून उभी केलेली आपली मुलं त्या पायरीवर असतात. हे प्राचार्यांना सांगून उपयोग नाही, मी सांगून पाहिलंय. त्यापेक्षा फोटो काढाच, पण एकाच जागेचा, त्याच कोपऱ्यावर उभं राहून, दर महिन्याला एक, खाली तारीख घालून. नासर्डीच्या आमच्या पट्टीचे असे बारा फोटो आम्ही जिन्याजवळच्या भिंतीवर ओळीने लावले होते. पाच बरे, सात वाईट. तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "हे घाणेरडे कशाला लावलेत?" मी काही बोलायच्या आत ती सुतळीवाली पुढे झाली. "सर, हे चेंबर पुन्हा तुंबलं तेव्हाचे. अर्ज परत दिलाय, आवक नंबर खाली लिहिलाय बघा."